गुरूच्या नावाचे गाणे

लग्नसराईच्या दिवसांत रायपूरच्या गोलबाजाराकडून जाणारी एखादी वरात आपण पाहिली असेलच. वऱ्हाड जुन्या वळणाचे असेल, तर पुढे छत्तीसगडचा परंपरागत गंडवा बाजा असतो. त्यातील मोहरीचा सूर आणि डफडा व निसान यांचा नाद दूरवरून ऐकू येतो. वऱ्हाड शहरी थाटाचे असेल, तर लाल-सोनेरी गणवेशातील बँडवाले ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि मोठा ढोल घेऊन हिंदी चित्रपटांतील गाणी वाजवीत जातात. भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात नांदणारी मराठी घराणी असोत, की नागपूर, बेळगाव अथवा इंदूर येथील कुटुंबे असोत, बँडच्या या गाण्यांची ओळख नाही असे घर विरळाच.

त्या गाण्यांपैकी एकाचा मुखडाच मुळी एका माणसाचे नाव आहे. ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ या नावाने ते ओळखले जाते. १९७७ साली पडद्यावर आलेल्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील हे गाणे लहान मुलेही हौसेने म्हणतात. गाणारा नायक एका प्रचंड अंड्यातून बाहेर पडतो, डोक्यावर उंच टोपी आणि डोळ्यावर एकच भिंग लावतो आणि अर्थहीन इंग्रजी शब्दांची आतषबाजी करतो. सारा प्रसंगच हास्याचा. त्यामुळे हे नावही असेच गमतीने बनविलेले असावे, असे आपणांस वाटले तर त्यात आपला दोष नाही.

परंतु अँथनी गोन्साल्विस हे नाव कल्पनेतले नाही. ते एका संगीतशिक्षकाचे नाव आहे, आणि ते त्या गाण्यात त्यांच्या शिष्याने आठवणीने घातले आहे. गुरुदक्षिणेच्या अनेक कथा आपण ऐकल्या आहेत. परंतु जी गुरुदक्षिणा सारा देश गुणगुणत होता आणि तरीही जिचा अर्थ फारच थोड्यांस ठाऊक होता, अशी ही बहुधा एकमेव असेल. म्हणून ती कथा आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

माजोर्ड्याचा मुलगा

गोव्याच्या दक्षिण भागात समुद्रकिनाऱ्याला लागून माजोर्डा नावाचे गाव आहे. अँथनी प्रभू गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली या गावी झाला. त्यांचे वडील जुझे आंतोनियो गोन्साल्विस हे गावच्या चर्चमधील गायनवृंदाचे प्रमुख होते. ज्या घरात वडीलच रोज मुलांचे आवाज जुळवून घेत बसलेले, त्या घरात सुरांची ओळख अक्षरांच्या आधी व्हावी यात नवल ते काय?

गोमंतकातील संगीतशिक्षणाची ही परंपरा फार जुनी आहे. पोर्तुगीज राजवटीत सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून गावशाळा निघाल्या. प्रार्थनेसाठी गाणारी मुले हवीत, हा त्यांचा मूळ हेतू. या शाळांतील संगीतशिक्षकास लोक ‘मेस्त्री’ म्हणत. मेस्त्री मुलांना आधी स्वरलिपी वाचावयास शिकवीत आणि मग हाती व्हायोलिन देत. एखादा मुलगा पुढे मोठा वादक होवो वा न होवो, कागदावर लिहिलेले स्वर पाहताक्षणी गाऊन दाखविण्याची विद्या मात्र त्याला अंगवळणी पडून जाई. सहा-सात वर्षांच्या पोरासही जी विद्या येई, ती त्या काळी उर्वरित हिंदुस्थानातील नामांकित गवयांनाही क्वचितच अवगत असे. कारण आपली सारी विद्या मुखोद्गत, कानाने घ्यावयाची आणि कंठात ठेवावयाची.

गावात विद्या होती, परंतु पोटापाण्याचा उद्योग नव्हता. त्यामुळे मेस्त्रींच्या हाताखालून बाहेर पडलेली मुले व्हायोलिनची पेटी काखेत मारून मुंबईची वाट धरीत. धोबी तलावाच्या परिसरात गोव्यातील गावोगावच्या लोकांनी चालविलेली ‘कूड’ नावाची वसतिस्थाने होती. तेथे पथारी टाकावयाची आणि काम शोधावयाचे. कोणी लष्करी पलटणीच्या बँडमध्ये गेले, कोणी संस्थानिकांच्या पदरी राहिले, कोणी आगबोटींवर, तर कोणी हॉटेलांतील नाचाच्या बँडमध्ये वाजवू लागले. बोलपट सुरू झाल्यावर त्यांतील अनेकांची पावले चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळली.

अँथनी गोन्साल्विस हेही याच वाटेने आले. १९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांना संगीतकार नौशाद यांच्याकडे व्हायोलिनवादकाचे काम मिळाले.

कागदावरचे स्वर

चित्रपटाच्या गाण्याचे काम कसे चालत असे, हे येथे थोडक्यात सांगावयास हवे. कारण त्यावाचून या मंडळींचे महत्त्व ध्यानी येणार नाही.

संगीत दिग्दर्शक हार्मोनियमवर बसून चाल बांधी. चाल म्हणजे एकाच धाग्याने गुंफलेली स्वरमाला. गायकास तेवढी पुरे होई. परंतु समोर पन्नास-साठ वादक बसलेले असत. वीस व्हायोलिने, चेलो, बासरी, क्लॅरिनेट, ट्रंपेट, मेंडोलिन, तबला, ढोलक अशा या सर्वांनी केव्हा काय वाजवावे? गायक श्वास घेतो त्या क्षणी कोणते वाद्य पुढे यावे? कडव्यांच्या मध्ये कोणता तुकडा असावा? व्हायोलिनांनी गायकाच्या मागे जावे, की त्याच्याशी वेगळ्याच स्वरांत संवाद करावा? हे सारे ठरवून, प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र कागद लिहून काढणारा जो कसबी माणूस असे, त्यास स्टुडिओत ‘अ‍ॅरेंजर’ म्हणत. आपण त्यास संगीत-संयोजक म्हणू.

हे काम स्वरलिपी येणाऱ्याचेच होते. आणि ती विद्या गोव्याच्या गावशाळांतून आलेल्यांपाशी होती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझा उभे होते. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र यांच्यापाशी ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक आंतोनियो वाझ होते. १९५१ सालच्या ‘अलबेला’तील गाण्यांनी जी धमाल उडवून दिली, तिच्यात त्यांच्या ट्रंपेटचा वाटा मोठा होता. गोन्साल्विस यांचीही गणना लवकरच या संयोजकांत होऊ लागली. ‘महल’ (१९४९) आणि ‘नया दौर’ (१९५७) यांसारख्या चित्रपटांशी त्यांच्या कामाचे नाते सांगितले जाते.

आपण हे चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा आरंभीची नामावली लक्षपूर्वक वाचा. संगीत दिग्दर्शक, गीतकार आणि गायक यांची नावे दिसतील. फार तर ‘सहाय्यक’ म्हणून एखादे नाव बारीक अक्षरांत येऊन जाईल. बहुतेक वेळी तेही नाही. दिवसभर काम करावयाचे, सायंकाळी मोबदला घ्यावयाचा आणि आपले नाव कोठेही न ठेवता निघून जावयाचे, असा तो व्यवसाय होता. त्यांनी लिहिलेले स्वरांचे कागदही बहुधा काम झाल्यावर रद्दीत गेले. गाणी मात्र राहिली.

गुरू आणि शिष्य

गोन्साल्विस हे वादक व संयोजक होते, तसेच शिक्षकही होते. राहुल देव बर्मन यांचे नाव त्यांच्या शिष्यांत घेतले जाते. परंतु ज्या शिष्याने त्यांचे ऋण जगजाहीर केले, त्याचे नाव प्यारेलाल रामप्रसाद शर्मा.

प्यारेलाल यांचा जन्म १९४० सालचा. वडील पंडित रामप्रसाद शर्मा हे नावाजलेले ट्रंपेटवादक; त्यांना सारे ‘बाबाजी’ म्हणत. बाबाजींनी स्वतः अनेक मुलांना स्वरलिपीचे धडे दिले. मुलाच्या हाती त्यांनी आठव्या वर्षी व्हायोलिन दिले आणि पुढील शिक्षणासाठी त्याला गोन्साल्विस यांच्याकडे सोपविले. आपण स्वतः उत्तम वादक असताना मुलाला दुसऱ्या गुरूच्या पायाशी बसविणे, यात किती विवेक आहे पाहा! वडील वाद्याची गोडी लावू शकतात. परंतु ज्या वाद्यात आपली हुकमत नाही, त्यासाठी त्यातला जाणकारच शोधावा, हे त्यांनी ओळखले.

प्यारेलाल दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास रियाज करीत. घरची स्थिती बेताची. त्यामुळे बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा स्टुडिओत व्हायोलिन वाजवून घरखर्चास हातभार लावू लागला. मंगेशकर कुटुंबाने चालविलेल्या ‘सुरील कला केंद्र’ या बालसंस्थेत त्याची गाठ आणखी एका कष्टाळू मुलाशी पडली. लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर हा तो मराठी मुलगा. तो मेंडोलिन वाजवीत असे आणि त्याच्याही घरी दारिद्र्य होते. या दोन मुलांची मैत्री जन्माची ठरली. पुढे व्हिएन्नास जाऊन तेथील वाद्यवृंदात वाजवावे, असा प्यारेलाल यांचा मनोदय होता. लक्ष्मीकांत यांनी त्यांना येथेच थांबविले. १९६३ साली ‘पारसमणी’ प्रदर्शित झाला आणि ‘लक्ष्मीकांत-प्यारेलाल’ हे जोडनाव घरोघर पोहोचले. १९९८ साली लक्ष्मीकांत यांचे निधन होईपर्यंत या जोडीने शेकडो चित्रपटांना संगीत दिले. त्यांच्या गाण्यांत व्हायोलिनांचा जो भरघोस ताफा ऐकू येतो, त्याचे मूळ त्या लहानपणीच्या शिकवणीत आहे.

सारंगाचे कोडे

इकडे गुरूच्या मनात वेगळेच विचार घोळत होते. चित्रपटासाठी लिहिताना आपली ही दोन संगीते, एक माजोर्ड्याच्या चर्चमध्ये ऐकलेले आणि दुसरे मुंबईस येऊन कानी पडलेले, खरोखर एकत्र नांदू शकतील काय, हा प्रश्न गोन्साल्विस यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी हिंदुस्थानी संगीतातील जाणकारांची संगत धरली, राग समजून घेतले आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी रागांवर आधारलेल्या रचना लिहावयास घेतल्या. त्यांतील दोन रचनांची नावे ‘सोनाटिना इंडियाना’ आणि ‘कॉन्चेर्टो इन राग सारंग’ अशी आहेत.

या दुसऱ्या रचनेच्या नावातच केवढे अवघड कोडे दडले आहे, हे घरात हार्मोनियम असणाऱ्या वाचकांना सहज पडताळून पाहता येईल. पाश्चात्त्य संगीताचा सारा डोलारा एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांवर उभा आहे. त्यातील अगदी प्राथमिक स्वरसमूह म्हणजे षड्ज, गंधार आणि पंचम. हे तीन स्वर एकदम दाबून पाहा. कानाला कसे भरीव वाटते! आता आपला दुपारचा सारंग घ्या. त्याच्या नेहमी गायिल्या जाणाऱ्या वृंदावनी प्रकारात गंधार आणि धैवत हे दोन्ही स्वर वर्ज्य आहेत. म्हणजे ज्या स्वरावाचून पाश्चात्त्य स्वरसमूहाचे पहिलेच पाऊल पडत नाही, तोच स्वर या रागाने उंबरठ्याबाहेर ठेवलेला! गंधार घ्यावा तर सारंग बिघडतो. न घ्यावा तर वाद्यवृंदाचा पायाच ढासळतो. अशा रागाची निवड करणारा माणूस सोप्या वाटेने जाणारा नव्हता, एवढे तरी यावरून उघड होते.

१९५८ साली त्यांनी स्वतःचा भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभारला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचे कार्यक्रम झाले. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे गायक त्यांत सहभागी होते. ज्या धोबी तलावाच्या कुडांत गोव्याची मुले पथारी टाकीत, तेथून हे प्रांगण हाकेच्या अंतरावर आहे. एरवी स्टुडिओच्या बंद दाराआड वाजविणारे वादक आज आपल्यातल्याच एकाची रचना उघड्या आकाशाखाली, नाव सांगून वाजवीत होते.

दुर्दैवाने हा उद्योग फार काळ चालला नाही. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदास राजाश्रय हवा, नाही तर मोठा लोकाश्रय हवा. दोहोंपैकी काहीच नसेल तर नुसत्या जिद्दीवर तो किती दिवस उभा राहणार? १९६५ साली गोन्साल्विस हे सिरॅक्यूज विद्यापीठाच्या साहाय्याने अमेरिकेस गेले. चित्रसृष्टीशी त्यांचा संबंध सुटला तो कायमचाच. पुढे ते माजोर्ड्यास परतले आणि आपल्या गावी शांतपणे राहू लागले.

फर्नांडिसचा गोन्साल्विस झाला

त्यानंतर बारा वर्षे गेली. मनमोहन देसाई यांच्या ‘अमर अकबर अँथनी’चे काम चालू होते. लहानपणी ताटातूट झालेल्या तीन भावांपैकी एक हिंदू घरात, एक मुसलमान घरात आणि एक ख्रिस्ती धर्मगुरूपाशी वाढतो, अशी ती कथा. अमिताभ बच्चन यांनी रंगविलेल्या तिसऱ्या भावासाठी ईस्टरच्या मेजवानीत गावयाचे एक गाणे हवे होते. गीतकार आनंद बक्षी, गायक किशोरकुमार, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे.

या अँथनीचे आडनाव आधी फर्नांडिस असे योजिले होते, असे सांगतात. परंतु ते चालीत मनासारखे बसेना. दुसरे आडनाव शोधू लागताच प्यारेलाल यांना आपल्या गुरूचे स्मरण झाले. गुरूंचेही नाव अँथनीच! त्यांनी ‘गोन्साल्विस’ हे आडनाव सुचविले, ते चालीत चपखल बसले आणि गाणे पुरे झाले. १९७७ साली चित्रपट झळकला. त्या चित्रपटाच्या संगीतासाठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना फिल्मफेअर पारितोषिकही लाभले.

आपण म्हणाल, हा कसला सन्मान? दारूचा धंदा करणाऱ्या आणि विनोदी चाळे करणाऱ्या नायकाला एका साधनारत संगीतज्ञाचे नाव द्यावयाचे, हा गौरव की थट्टा? शंका रास्त आहे. गंभीर वाद्यरचना लिहिणाऱ्या गुरूची स्मृती एखाद्या गंभीर वाद्यरचनेनेच राखली जावी, असे कोणासही वाटेल. परंतु हेही ध्यानात घ्यावयास हवे की, शिष्यापाशी त्या घडीला जे होते तेच त्याने दिले. त्याच्यापाशी सिंफनीचे सभागृह नव्हते. त्याच्यापाशी चित्रपटाचे गाणे होते. ज्या चित्रपटांच्या नामावलीत गुरूचे नाव बारीक अक्षरांतही क्वचितच आले, त्याच पडद्यावर त्याने ते गाण्याच्या मुखड्यात, सर्वांत मोठ्या नटाच्या तोंडी आणि सर्वांत लाडक्या गायकाच्या कंठात ठेवले. नामावली सुरू असताना प्रेक्षक आपली जागा शोधीत असतात. मुखडा मात्र ते घरी घेऊन जातात.

या गोष्टीला एक कारुण्याची छटाही आहे. नाव जगभर गेले. ज्याचे ते नाव, तो माणूस मात्र माजोर्ड्यात अपरिचितच राहिला. उतारवयात त्यांची पुन्हा आठवण झाली. चित्रपटांचे मराठी अभ्यासक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट तयार केला. १८ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या चौऱ्यांशीच्या घरात, त्यांचे गोव्यात निधन झाले. त्या वार्तेबरोबर वृत्तपत्रांना त्या गाण्याचा उल्लेख करावाच लागला. कारण त्यावाचून हे कोण, हे वाचकांना कळले नसते. याचाच दुसरा अर्थ असा की, ते गाणे नसते तर ही वार्ताही कदाचित आपणांपर्यंत पोहोचली नसती.

कानाच्या पाळीला हात

आपल्याकडील गवई गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. ‘या नावाचा उच्चार करण्यात काही चूक झाली असल्यास क्षमा असावी’ असा त्याचा भाव. गंडाबंधनाचा विधी, घराण्याचा अभिमान, मैफलीच्या आरंभी होणारे गुरुस्मरण, अशा अनेक रिवाजांनी आपल्या उस्तादांची आणि पंडितांची नावे जपली आहेत. बंदिशीतही नाव गुंफण्याची प्रथा आहे. सदारंगांनी आपली मुद्रा तर ठेवलीच, शिवाय आपला आश्रयदाता बादशहा महंमदशहा याचेही नाव अमर केले.

रायपूरकर वाचकांना याचे जवळचे उदाहरण आठवेल. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी ‘चतुर’ या नावाने लक्षणगीते रचली. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ‘सुजान’ या नावाने तीच वाट पुढे नेली. १९५६ साली खैरागढच्या राजघराण्याने आपला राजवाडा देऊन इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे केले, तेव्हा आरंभीच्या काळात कुलगुरुपद सांभाळावयास हेच रातंजनकर आले. गुरूने आखून दिलेली शिक्षणाची शिस्त शिष्याने छत्तीसगडच्या भूमीत रुजविली. हीही एक गुरुदक्षिणाच होय.

परंतु बँडमध्ये वाजविणाऱ्या, स्वरलिपी शिकविणाऱ्या, व्हायोलिनवर मुलांची बोटे बसविणाऱ्या शिक्षकाचे काय? त्याला ना गंडा, ना घराणे. त्याचे नाव घेताना कोणी कानाच्या पाळीला हात लावावा, असा रिवाजच नव्हता. वास्तविक त्याचे ऋण थोडे नाही. मैहरच्या उस्ताद अलाउद्दीन खाँसाहेबांचेच पाहा. पंडित रविशंकर, अली अकबर खाँ आणि अन्नपूर्णादेवी यांचे हे गुरू. साथीच्या रोगाने पोरक्या झालेल्या मुलांना शिकवून त्यांनी प्रसिद्ध ‘मैहर बँड’ उभारला. बंदुकीच्या नळ्यांपासून त्यासाठी ‘नलतरंग’ नावाचे वाद्यही बनविले. या थोर पुरुषाला पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन कोणी शिकविले? कलकत्त्याच्या ईडन गार्डनमधील बँडचे प्रमुख लोबो या गोमंतकीय बँडमास्तरांनी. खाँसाहेबांचे रामपूरचे गुरू वजीर खाँ यांचे नाव संगीताच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते; लोबोमास्तरांचे कितीजणांस ठाऊक आहे?

प्यारेलाल हे एका पंडिताचे पुत्र आणि एका गोमंतकीय मास्तरांचे शिष्य. त्यांच्या ठायी दोन्ही परंपरांचा मिलाफ झाला होता. म्हणून, जो मान रिवाजाने केवळ उस्तादांस मिळतो, तो त्यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूस दिला. ते गाणे म्हणजे, पाहावयास गेले तर, कानाच्या पाळीला लावलेला हातच होय. फक्त तो मैफलीतल्या शंभर माणसांसमोर न लावता साऱ्या देशासमोर लावला गेला. २०२४ साली प्यारेलाल यांना पद्मभूषण हा किताब जाहीर झाला. ज्याने गुरूचे नाव राखले, त्याचेही नाव देशाने राखले.

ऋण कसे फेडावे?

इतर देशांतही ही भावना निरनिराळ्या रूपांनी व्यक्त झालेली दिसते. बेथोव्हेनने १७९६ साली प्रसिद्ध केलेले आपले दुसरे प्रकाशन, तीन पियानो सोनाटा, आपले गुरू हायडन यांना अर्पण केले. फ्रेंच संगीतकार राव्हेल याने १९२२ साली तर एक सुंदर युक्ती योजिली. पाश्चात्त्य स्वरांना अक्षरांची नावे असतात; त्याने आपले गुरू गाब्रिएल फोरे यांच्या नावातील अक्षरांचे स्वर केले आणि त्या स्वरांवर एक अंगाईगीत रचले. त्यात नाव उच्चारले जात नाही, वाजविले जाते. अमेरिकेतील शाळांत बँड हा शिक्षणाचाच एक भाग असतो. तेथे एखादे लाडके बँडशिक्षक निवृत्त झाले किंवा निवर्तले, तर आजी-माजी विद्यार्थी वर्गणी काढून एखाद्या संगीतकाराकडून नवी वाद्यरचना लिहवून घेतात, आणि शाळेचा बँड ती त्यांच्या नावे प्रथम वाजवितो. पुतळा उभारण्यापेक्षा ही रीत किती अर्थपूर्ण! ज्याने वाजवावयास शिकविले, त्याचे स्मरण वाजवूनच करावयाचे.

आपणांपैकी प्रत्येकास नवी रचना लिहवून घेता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. परंतु आपल्या घरातही कोणी मूल हार्मोनियम, तबला किंवा व्हायोलिन शिकत असेल; कोणी शाळेच्या संचलनात ढोल नाही तर बिगूल वाजवीत असेल. त्याच्या शिक्षकांचे नाव आपल्या घरातील सर्वांस ठाऊक आहे काय? नुसते ‘गाण्याचे सर’ किंवा ‘पेटीच्या बाई’ नव्हे. पूर्ण नाव, त्यांचे गाव, आणि त्यांना कोणी शिकविले हेही. मुलाला एकदा हे विचारून यावयास सांगा. शिक्षकांना त्या प्रश्नाने जो आनंद होईल, तो महिन्याच्या शुल्काने होणार नाही. आणि मुलालाही उमगेल की, आपल्या बोटांतून उमटणारा सूर आपल्यापाशी सुरू झालेला नाही, तो कोणाच्या तरी हातून आपल्या हाती आला आहे.

आणखी एक गोष्ट शाळांच्या चालकांना आणि पालकसभांना करता येण्याजोगी आहे. वार्षिक स्नेहसंमेलनाची जी पत्रिका छापली जाते, तिच्यात अध्यक्षांचे नाव असते, पाहुण्यांचे असते, भाग घेणाऱ्या मुलांचीही असतात. गाणे वा वाद्यवादन ज्यांनी महिना-दीड महिना खपून बसविले, त्यांचे नाव पुष्कळदा राहून जाते. यंदा पत्रिका छापावयास जाण्यापूर्वी ती एकदा पाहा, आणि ते नाव राहिले असेल तर ठळक अक्षरांत घालावयास सांगा.